नॅनोच्या बाटलीनं काय उजेड पाडला?

दोन वस्तूंबद्दल एकत्रच लिहितोय, कारण दुसरी वस्तू पहिलीच्या पोटात ओतायची आहे. पहिली म्हणजे दोन लिटरची अल्ट्रासॉनिक क्लीनर टाकी. सराफांकडे, चष्म्याच्या दुकानात, इंजेक्टर धुणाऱ्या गॅरेजमध्ये दिसते तीच. दुसरी म्हणजे पन्नास मिलीची बाटली, तिच्या लेबलावर ‘अल्ट्रासाउंडच्या बुडबुड्यांचा प्रकाश अनेक पटींनी वाढवणारे नॅनो कण’ असं छापलंय. टाकी सात महिने वापरली. बाटली शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. बिलं माझ्या खिशातून गेलीत, त्यामुळे कुणाचं मिंधेपण नाही.

मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. टाकी गुजरीत घेतली, सराफांना हत्यारं-यंत्रं विकणाऱ्या एका दुकानातून, 6,800 रुपयांना. दुकानदारानं विचारलं, “सर, पैंजणं धुवायची का गंठण?” म्हटलं, “नाही हो, उजेड पाडायचाय.” तो हसला. “उजेड पाडायला वर्गात पोरं हायत की सर, त्यासाठी मशीन कशाला?” पण मी खरंच बोलत होतो.

पाण्यात जोरकस श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे अल्ट्रासाउंड, सोडला की पाणी ताणलं जातं, दाबलं जातं, पुन्हा ताणलं जातं. ताणात बारीक बुडबुडा फुगतो, दाबात चिरडतो. चिरडताना आतली हवा इतक्या झटक्यात दाबली जाते की उष्णतेला बाहेर पळायला वेळ मिळत नाही. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते ना, तेच, फक्त सेकंदाच्या लाखाव्या हिश्शापेक्षाही कमी वेळात. इलिनॉय विद्यापीठात केनेथ सुस्लिक यांच्या गटानं 1991 मध्ये या उजेडाचा वर्णपट तपासून आतलं तापमान सुमारे 5,000 केल्विन काढलं होतं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण 5,800. आणि बाहेर पाणी कोमटसुद्धा झालेलं नसतं.

हे पहिल्यांदा लक्षात आलं तेही अपघातानं. 1934 साली जर्मनीत कलोन विद्यापीठात फ्रेन्झेल आणि शुल्टेस या दोघांनी फोटो डेव्हलप करायच्या द्रावणात अल्ट्रासाउंड सोडला. हेतू एवढाच, की फोटो लवकर धुऊन निघावेत. निघाले ते फिल्मवरचे ठिपके. बुडबुड्यांनीच उजेड पाडून फिल्म खराब केली होती. त्यांना धुवायचं होतं आणि उजेड पडला. मी उजेडासाठी धुण्याची टाकी घेतली. हिशोब फिटला.

आता टाकी. आत स्टेनलेस स्टीलची चौकोनी डबी, साधारण दहा सेंटिमीटर खोल. तळाला बाहेरून एक ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेची कंपनं करणारा भाग, चिकटवलेला, 40 किलोहर्ट्झ, 60 वॅट. पाणी गरम करायला हीटर, वर टायमर, लाल आकड्यांचा डिस्प्ले, एक जाळीची प्लॅस्टिक टोपली. टोपली पहिल्याच दिवशी माळ्यावर टाकली, प्लॅस्टिक आवाज गिळतं. डिस्प्लेवर काळी इन्सुलेशन टेप मारली. लाल आकडे दिवसा छान दिसतात, अंधारात मात्र त्या दोन आकड्यांनी अख्खी प्रयोगशाळा उजळते. अंधारात वापरायची टाकी कुणी बनवत नाही, म्हणून कंपनीला दोष देत नाही. तुम्ही घ्याल तेव्हा टेप मात्र लक्षात ठेवा.

आवाजाचं म्हणाल तर 40 किलोहर्ट्झ माणसाला ऐकू येत नाही, पण बुडबुडे फुटताना जी चरचर होते ती येते. गरम तेलात पाण्याचा शिंतोडा पडावा आणि ते तडतडणं दहा मिनिटं थांबूच नये, तसं. घरी पहिल्यांदा लावली तेव्हा गल्लीतलं कुत्रं गेटपाशी येऊन उभं राहिलं आणि टाकी बंद होईपर्यंत हललं नाही. त्याला आमच्यापेक्षा जास्त ऐकू येत असणार. बायको म्हणाली, “अहो, कॉलेजात न्या ती.” नेली.

टाकी चांगली आहे की नाही हे पाहायची सोपी परीक्षा म्हणजे पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल. साधं पाणी भरायचं, पाच-दहा मिनिटं नुसती चालवून विरघळलेली हवा थोडी काढून टाकायची, मग फॉइलचा तुकडा उभा धरून मिनिटभर बुडवायचा. बोटं पाण्यात घालायची नाहीत. बाहेर काढून खिडकीकडे धरला तर फॉइलची चाळणी झालेली असते. मजा अशी, की भोकं सगळीकडे सारखी नसतात. आडवे पट्टे पडतात. आमच्या फॉइलवर दोन पट्ट्यांमधलं अंतर पट्टीनं मोजलं तर पावणेदोन ते दोन सेंटिमीटर. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 1,480 मीटर, भागिले 40,000, म्हणजे तरंगलांबी 3.7 सेंटिमीटर. तिचं निम्मं 1.85, आणि स्थिर तरंगात जोराचे पट्टे तेवढ्याच अंतरावर पडतात. बारावीच्या पोरांना स्थिर तरंग मी फळ्यावर अनेकदा शिकवलेत, पण त्या दिवशी पाठीमागच्या बाकावरचा एक जण स्वतःहून पट्टी मागून घेऊन आला. या परीक्षेत टाकी पैकीच्या पैकी पास.

उजेड पाहायला ल्युमिनॉल नावाचं रसायन लागतं. हे आधी स्पष्ट सांगतो, कारण इंटरनेटवर यात फार गोंधळ घातलेला दिसतो. बुडबुडा स्वतः जो उजेड पाडतो त्याला सोनोल्युमिनेसन्स म्हणतात, आणि असल्या धुण्याच्या टाकीत तो इतका मंद असतो की आमच्यापैकी कुणालाही दिसला नाही. ल्युमिनॉलचा उजेड वेगळा. चिरडणाऱ्या बुडबुड्यात पाण्याच्या रेणूचे तुकडे होतात, हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे समोर येईल त्याला लगेच भिडणारे तुकडे, बाहेर पडतात, ते आम्लारिधर्मी पाण्यातल्या ल्युमिनॉलला भिडतात आणि निळा प्रकाश निघतो. म्हणजे बुडबुडा काडी ओढतो, वात ल्युमिनॉलची. बुडबुडे कुठं आहेत हे त्यावरून नेमकं कळतं, पण दिसतो तो उजेड रसायनाचा असतो.

पाककृती: लिटरभर डिस्टिल वॉटर (बॅटरीच्या दुकानात मिळतं ते चालतं, नळाचं नको), चमचाभर धुण्याचा सोडा, 0.1 ग्रॅम ल्युमिनॉल. हातमोजे घाला. प्रयोगशाळेच्या पडद्यांना आम्ही फटींवर चादरी लावल्या, मोबाइल सगळ्यांचे बंद करून ड्रॉवरमध्ये, आणि वीस मिनिटं गप्प अंधारात बसलो. ही वीस मिनिटं चुकवू नका. डोळा अंधाराला सरावायला तेवढा वेळ घेतोच. पोरांना वीस मिनिटं गप्प बसवणं हाच त्या दिवसाचा अवघड प्रयोग होता.

मग बटण दाबलं. चरचर सुरू झाली आणि टाकीत काहीतरी निळसर तरंगताना दिसायला लागलं. ज्योत नाही, दिवा नाही. सरळ त्याच्याकडे रोखून पाहिलं तर विरतं, नजर जरा बाजूला नेली की परत येतं. तिरकं पाहिल्यावर एकावर एक तीन-चार थर दिसले, फॉइलवर पट्टे होते तसेच, आणि थराथरांतून बारीक धागे पिंजल्यासारखे हलत होते. एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, निळी साय आलीय पाण्यावर.” याहून नेमकं वर्णन मला सुचलेलं नाही. बटण बंद केलं की त्याच क्षणी अंधार.

एक गोष्ट उलटी आहे ती सांगतो. टाकीच्या माहितीपत्रकात लिहिलंय, उत्तम सफाईसाठी पाणी 50 ते 60 अंशांवर ठेवा. सफाईला ते बरोबर आहे. उजेडाला नाही. पाणी गरम असेल तर बुडबुड्यात वाफ जास्त शिरते, ती चिरडण्याला उशीसारखी आडवी येते आणि ऊर्जाही खाते. आम्ही बर्फाच्या पिशव्या बाहेरून लावून पाणी दहा अंशांवर आणलं, तेव्हा निळी साय दाट झाली. हीटर चालू करून चाळीसवर नेलं तर शोधावी लागली. म्हणजे ज्या हीटरसाठी हजारभर रुपये जास्त मोजले तो या कामात शत्रू. फक्त उजेडासाठी घेत असाल तर बिनहीटरची घ्या.

आणखी एक. एका संध्याकाळी काहीच दिसेना. तास गेला, टाकीला शिव्या घातल्या. मग कळलं, आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी भांडी चकचकीत दिसावीत म्हणून बीकर स्पिरिटनं पुसून ठेवले होते आणि एकात तळाला थोडं शिल्लक होतं. स्पिरिट म्हणजे अल्कोहोल, आणि ते बुडबुड्यांतून निघालेले रॅडिकल ल्युमिनॉलच्या आधी गट्टम करतं. मामांचा हेतू शुद्ध, बीकरही शुद्ध, फक्त अंधार.

आता बाटलीकडे येतो.

ती ऑनलाइन मागवली, 2,400 रुपये. लेबलावर टायटॅनियम डायऑक्साइड एवढंच. कणांचा आकार नाही, एका मिलीत किती ते नाही, बनवल्याची तारीख नाही. ‘अनेक पटींनी’ म्हणजे किती पटींनी, तेही नाही. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, की हा प्रीमियम दर्जाचा माल आहे. दर्जा विचारला नव्हता, आकार विचारला होता. दुसऱ्या मेलला उत्तर नाही.

कल्पना मात्र थोतांड नाही, हे आधी मान्य करतो. अगदी शुद्ध, निर्मळ पाणी ताणून फाडायचं म्हटलं तर शेकडो वातावरणांचा ताण लागेल. प्रत्यक्षात पाणी त्याच्या कितीतरी आधी फाटतं, कारण त्यात धुळीचे कण असतात आणि कणांच्या खाचाखोचांत हवेचे बारीक कप्पे अडकून बसलेले असतात. बुडबुडा जन्मतो तो तिथं. लिंबू-सोड्याच्या ग्लासात मीठ टाकल्यावर जे फसफसून वर येतं, तोच प्रकार. तेव्हा पाण्यात मोजके योग्य कण टाकले तर बुडबुड्यांना जन्मायला जास्त जागा मिळतात, कमी जोराच्या आवाजातही ते उठतात, आणि एकूण उजेड वाढू शकतो. जगभर यावर काम चालतं, आणि त्यामागचं कारण निव्वळ शोभेचं नाही. नॅनो कण गाठीपर्यंत पोहोचवून बाहेरून अल्ट्रासाउंड देऊन तिथंच रॅडिकल तयार करायचे, अशी कर्करोगाच्या उपचारांची दिशा शोधली जातेय. मुळात बुडबुड्यांची ताकद कामाला लावायची परंपरा आपल्याकडेही आहे. माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी कॅव्हिटेशनवर, म्हणजे बुडबुडे असे फुगून चिरडण्यावर, कित्येक वर्षं काम केलंय, सांडपाणी शुद्ध करण्यापासून रासायनिक प्रक्रियांपर्यंत. पोरांना हे सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, “मग सर, आपण नॅनोसाठी 2,400 रुपये का दिले, त्यांनाच विचारायचं की.” बरोबर होतं त्याचं.

बाटली उघडली. वर पाणी, तळाला पांढरा दगडासारखा थर. हलवली, आपटली, काही नाही. शेवटी बाटलीच टाकीत उभी ठेवून वीस मिनिटं अल्ट्रासाउंड दिला, तेव्हा ती दुधासारखी झाली. बाटली टाकीला मदत करणार होती. आधी टाकीलाच बाटलीची सोय लावावी लागली.

विद्यापीठात नॅनोसायन्स विभागाजवळ माझा एक जुना मित्र आहे. त्याच्याकडे कणांचा आकार मोजायच्या यंत्रात थोडा नमुना लावून घेतला. सरासरी निघाली 400 नॅनोमीटरच्या आसपास. नॅनो म्हणायचं ते साधारण 100 च्या खाली. कण कदाचित कारखान्यातून लहानच निघाले असतील, पण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झालेत, आणि मी विकत घेतले ते गोळे.

तरी ओतून पाहिलं. अर्धा मिली, लिटरभर ल्युमिनॉलच्या पाण्यात. डोळ्यांवर भरवसा नको म्हणून ट्रायपॉडवर मोबाइल, प्रत्येक वेळी तीस सेकंदांचं एक्स्पोजर, तोच आयएसओ, तेच तापमान. फोटोतली उजळपणाची सरासरी काढली तर बाटलीशिवायच्या पाण्यापेक्षा जेमतेम दीडपट. पाच मिली ओतल्यावर उलट निम्म्यावर आलं. पाणी पांढरं होतं, कण आवाजही विखुरतात आणि उजेडही अडवतात. लेबलावर मात्र सूचना होती, ‘जास्त परिणामासाठी जास्त प्रमाण वापरा’. हे वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं ही बाटली स्वतः कधी वापरलेली नाही.

दीडपट तर दीडपट, पण ती कशामुळे, हा खरा प्रश्न. ‘प्रकाश वाढला’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी लपवता येतात. एक, बुडबुडे जास्त झाले. दोन, बुडबुडे तेवढेच, पण कणांनी ल्युमिनॉलच्या रासायनिक क्रियेला उत्प्रेरक म्हणून हातभार लावला. तीन, प्रत्येक बुडबुडा जास्त जोरात चिरडून जास्त तापला. लेबलवाला तिन्हीचं श्रेय घेतो. वेगळं करायला आम्ही दोन साध्या चाचण्या केल्या. साध्या पाण्यात कण घालून फॉइलची परीक्षा, कारण फॉइलला ल्युमिनॉलशी काही देणंघेणं नाही. आणि अल्ट्रासाउंड पूर्ण बंद ठेवून, ल्युमिनॉलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून कणांसह आणि कणांशिवाय तुलना. फॉइलवर भोकं थोडी वाढली. पेरॉक्साइडच्या चाचणीत डोळ्यांना फरक दिसला नाही. म्हणजे बाटलीनं केलं ते पहिल्या प्रकारचं काम, तेही थोडं. तेवढं काम दुसरे बरेच साधे कणही करतील.

मग मित्रानं आपल्याकडचं सोनं दिलं. हो, सोनंच. ऑरिक क्लोराइडचं उकळतं द्रावण आणि सोडियम सायट्रेट, 1951 मध्ये टर्केविच यांनी मांडलेली पद्धत, अजूनही जगभर तीच वापरतात. द्रावण आधी फिकट पिवळं, मग रंग उडतो, मग काळपट निळं, आणि शेवटी डाळिंबाच्या रसासारखं लाल. सोन्याचा पिवळेपणा कुठं गेला हे पोरांना पटेना. त्यानं वीस मिली दिलं आणि बजावलं, “हे सोनं आहे, सांडू नकोस.” मी 200 मिलीच्या बीकरमध्ये ल्युमिनॉल घेतलं, बीकर टाकीत ठेवला, लाल थेंब सोडले. दहा मिनिटांत लाल रंग जांभळाच्या सरबतासारखा झाला, मग राखाडी. धुण्याच्या सोड्यातलं क्षाराचं प्रमाण त्या कणांना सोसलं नाही, ते एकमेकांना चिकटले. निम्मं सोनं पाण्यात. अक्षरशः.

दुसऱ्यांदा सोडा टाळून अगदी थोडं कॉस्टिक घेतलं. रंग टिकला. आणि या वेळी निळी साय खरंच उजळली, फोटोत जवळपास तिप्पट. वीस मिनिटं न थांबताच मागच्या बाकावरून दिसायला लागली. सगळे ओरडले. मग पेरॉक्साइडची चाचणी केली, अल्ट्रासाउंड बंद ठेवून. तिथंही सोन्यानं तसाच उजेड वाढवला. म्हणजे सोन्याचं मोठं काम दुसऱ्या प्रकारचं, उत्प्रेरकाचं. हे नवं नाही. चीनमधल्या संशोधकांनी 2005 मध्येच सोन्याचे नॅनो कण ल्युमिनॉलचा उजेड वाढवतात असं दाखवलं होतं, आणि त्यांच्याकडे 38 नॅनोमीटरचे कण सगळ्यांत सरस ठरले होते. पण बुडबुड्याला त्याचं श्रेय द्यायचं कारण नाही. सोनं जास्त टाकलं तर पुन्हा उजेड कमी होतो, लाल द्रावण निळा प्रकाश गिळतं, आणि सायट्रेटही रॅडिकलवर हात मारतं.

तिसऱ्या प्रकारची वाढ, प्रत्येक बुडबुडा खरंच जास्त तापवणं, ती होते, पण नॅनोच्या बाटलीनं नाही. 1989-90 च्या सुमारास मिसिसिपी विद्यापीठात फेलिपे गायतान आणि लॉरेन्स क्रम यांनी एकच बुडबुडा पाण्यात स्थिर अडकवून प्रत्येक आवर्तनाला त्यातून उजेड काढला. आणि 2005 मध्ये फ्लॅनिगन आणि सुस्लिक यांनी आर्गॉन भरलेला बुडबुडा तीव्र सल्फ्युरिक आम्लात ठेवून सुमारे 15,000 केल्विन मोजले. त्या आम्लातून पाण्याच्या हजारो पट उजेड येतो. गुपित साधं आहे: वाफ जवळजवळ नाही, आणि आतला वायू असा की तो तुटत नाही. गुजरीतल्या या टाकीत असला प्रयोग कुणी मनातसुद्धा आणू नका. स्टीलही जाईल आणि डोळेही.

आता टाकीची तक्रार. चौथ्या महिन्यात चरचर एकदम मंदावली, फॉइलवर एकही भोक पडेना. दुकानदारानं कंपनीच्या सेवा केंद्राचा नंबर दिला. तिथं एका बाईंनी ‘वापर कशासाठी करता’ विचारलं, मी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि त्यांनी वॉरंटी ‘केवळ सफाईसाठी’ आहे असं सांगून फोन ठेवला. प्रामाणिकपणाची किंमत. शेवटी शिवाजी उद्यमनगरात एका वाइंडिंगवाल्याकडे नेली. त्यानं खालचं झाकण उघडलं, बोटानं ट्रान्सड्यूसर हलवला, तो हातात आला. “सर, गोंद सुटलाय. पाणी न घालता चालवली असणार कुणीतरी.” चालवली होती, एका उत्साही विद्यार्थ्यानं, दोन मिनिटं. दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी, वर वजन ठेवून रात्रभर, साडेतीनशे रुपये. तेव्हापासून पहिल्यापेक्षा जास्त जोरात चालते. त्यानं एक चांगली गोष्ट सांगितली: पाणी नसताना आवाजाला जायला जागा राहत नाही, सगळा जोर गोंदावर येतो. माझ्या पुस्तकात हे इतक्या सोप्या शब्दांत नाही.

टाकीला पाचपैकी चार. एक गुण हीटर आणि गोंद यांनी मिळून खाल्ला. शाळा-कॉलेजनं जरूर घ्यावी. फॉइल, ल्युमिनॉल आणि बर्फ यांत वर्षभराचे तास निघतात. बाटलीला पाचपैकी एक, तोही दुधासारखी दिसते म्हणून.

टाकी सध्या शनिवार सोडून बाकी दिवस हुपरीला असते. माझ्या मेहुण्याचा पैंजणांचा धंदा आहे, हुपरी चांदीसाठी प्रसिद्ध आहे ते तुम्हाला माहीतच असेल. तो म्हणाला, “दाजी, शनिवारी तुम्ही घ्या, बाकी दिवस माझ्याकडं. बसून राहिली तर बिघडंल.” सौदा मान्य. गेल्या महिन्यात एका शनिवारी टाकी आली ती नुसती ओतून दिलेली, तळाच्या कोपऱ्यांत काळसर गाळ तसाच. मला घाई होती, धुतली नाही, ल्युमिनॉल ओतलं, दिवे घालवले आणि बटण दाबलं.

उजेड असा आला की मी पहिल्यांदा पडद्याला फट राहिलीय का ते तपासलं. बाटलीपेक्षा जास्त. सोन्याच्या जवळपास. चांदीच्या पैंजणांत तांबं मिसळलेलं असतं, आणि तांब्याचे आयन ल्युमिनॉलचे जुने दोस्त आहेत. खात्री करायला पुढच्या शनिवारी टाकी घासून स्वच्छ केली आणि मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, एक खडा, मुगाच्या डाळीएवढा, पाण्यात सोडला. तसाच उजेड. मोरचूद शेतीच्या दुकानात मिळतो, दहा रुपयांत वर्षभर पुरेल. मेहुण्याला फोन करून सांगितलं, गाळ टाकू नकोस. तो म्हणाला, “टाकतोय कुठं दाजी, त्यात चांदी असते.”